डॉक्टर फेल्डकाम्पचे डोळे

डॉक्टर फेल्डकाम्प गुरुवारपर्यंत आंधळेच उभे होते.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. उन्हानं रापून सोललेलं नाक, फुटलेले ओठ, भुऱ्या दाढीत अडकलेली गवताची कुसळं, गुडघ्यावर ठिगळ मारलेली विजार. हातात पाण्याचं छोटं भांडं आणि त्यात बुडवलेला थर्मामीटर. मान वर, डोंगराकडे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्या शेडमध्ये एसी नावापुरता होता, फायबरचा वास नाकात चढायचा, आणि अशा जागी हा जर्मन गडी विषुववृत्तावरचा बर्फ बघत होता. म्हणजे बघणार होता. डोळे व्हायचे होते ना अजून!

कंपनीचं काम संग्रहालयांसाठी पुतळे आणि देखावे करायचं. या खेपेचा देखावा मोठा होता: पूर्व आफ्रिकेच्या गवताळ मुलखात आणि डोंगरांत पहिल्यांदा शिरलेले युरोपी शास्त्रज्ञ. मागच्या भिंतीवर हिमशिखर, त्याखाली ढगांचा पट्टा, मग जंगल, आणि पुढे छातीइतकं उंच पिवळं गवत. गवतात डॉक्टर, आणि त्यांच्यामागे दोन स्थानिक वाटाडे. त्यातला एक डॉक्टरांकडे असा बघत होता, की काय हा वेडा, भर उन्हात पाणी उकळत बसलाय. तो वाटाड्या शेडमधल्या सगळ्यांचा लाडका होता.

हे सगळे पुतळे कुबराचे. ती श्रीवर्धनकडची. लग्न होऊन इकडे आली, आधी मॉलमधल्या बाहुल्यांना रंग द्यायची, मग इथे आली आणि इथलीच झाली. चेहऱ्याचं काम तिच्यासारखं कुणाला जमत नसे. कपाळावरची शीर, नखातली माती, कानामागचा घाम, सगळं करायची. फक्त डोळे करायची नाही.

घरच्यांनी काही सांगितलं होतं म्हणाल, तर तसं नव्हे. तिच्याच मोहल्ल्यात चित्रकलेचे मास्तर होते, फोटो काढणारे होते, त्यांचं त्यांच्यापाशी. हिचं हिनं ठरवलेलं. डोळे नाहीत तोवर तो फायबरचा गोळा, डोळे केले की त्यात जीव येतो, आणि जीव घालणं हे आपलं काम नव्हे. एवढं साधं.

डोळे राजाभाऊ करत. राजाभाऊ पेणचे. बापाचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे हातात ब्रश आला तो अक्षर गिरवायच्या आधी. मूर्तीचे डोळे रेखायला तिकडे आखणी म्हणतात. आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती घरातल्या जाणत्या हातानंच करायची, कारण डोळे झाले की मूर्तीत जीव येतो. म्हणजे बघा, दोघांचं म्हणणं एकच होतं. एक त्यासाठी ब्रश उचलायचा आणि दुसरी त्याचसाठी खाली ठेवायची.

कुबरानं पहिल्यांदा अडखळत सांगितलं तेव्हा राजाभाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं. डोळे माझ्याकडे. तू बूट कर, मला बुटांचा कंटाळा येतो." खलास. त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. ऑफिसात कुणाला ठाऊकही नव्हतं. काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या सुजीतला, म्हणजे पुण्याहून आलेल्या प्रोजेक्ट मॅनेजरला, पुतळा तयार झाल्याशी मतलब.

आता राजाभाऊ निघाले होते. अल बर्शातलं घर आवरून झालं होतं, बायको आधीच पेणला पोचली होती. डॉक्टर फेल्डकाम्प हा त्यांचा शेवटचा पुतळा. त्यांची जागा कुबराला मिळणार हे सुजीतनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, पेढे झाले होते. मग डोळ्यांचं काय, हा प्रश्न कुबराच्या मनात रोज यायचा आणि रोज ती त्याला "बघू, इन्शाल्ला" म्हणून वाटेला लावायची.

शेवटचा म्हणून राजाभाऊंनी डॉक्टरांचा अभ्यासच मांडला होता. संग्रहालयानं पाठवलेली माहिती ते मोबाइलवर मोठ्यानं लावून ऐकायचे. वाचायचे नाहीत, ऐकायचे. कुबराला ते चैनीचं वाटलं. डॉक्टर वनस्पती गोळा करायचे. डोंगराच्या अंगाखांद्यावर माणसाहून उंच झाडं, वाळक्या पानांची घोंगडी पांघरून थंडीत उभी असलेली, ती त्यांनी कागदावर उतरवली. पाणी कितीला उकळतं ते बघून उंची काढायची, अशी त्या काळची रीत. जितकं वर जावं तितकं पाणी लवकर उकळतं. राजाभाऊंना हे फार आवडलं. "म्हणजे चहा टाकायचा आणि डोंगर मोजायचा!" असं ते जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाला सांगत सुटले.

पण पुढची गोष्ट ऐकून म्हातारा खवळला. डॉक्टर बर्फापर्यंत पोचले, मुठीत घेतला, बोटं काळीनिळी करून परतले. आणि मायदेशी कुणी एक भूगोलाचा पंडित, जो आपल्या खुर्चीतून कधी हलला नव्हता, म्हणाला की विषुववृत्तावर कसला आलाय बर्फ, पांढरे दगड असतील.

"दगड!" राजाभाऊंनी डबा बाजूला सारला. "अरे, हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला, आणि हा घरबश्या त्याला सांगणार काय दिसलं ते? याच्या तर..." पुढचं ते बायकांसमोर बोलले नाहीत. "कुबरा, याचे डोळे मी असे काढतो बघ, की तो पंडित असता तर त्याची बोबडी वळली असती. बघितलंय म्हणजे बघितलंय, असे डोळे."

"काढा ना," कुबरा म्हणाली. तिला मजा वाटली होती.

गुरुवारी दुपारी आखणी झाली. राजाभाऊंचा शिरस्ता ठरलेला. हात धुतले, पंखा बंद केला, बाकीच्यांना शेडबाहेर काढलं. कुबरा तेवढी आत राहायची, रंग मिसळून द्यायला. बुबुळं निळी हवीत असं संग्रहालयानं सांगितलं होतं, तिनं निळा तयार केला. राजाभाऊ स्टुलावर चढले, मान एका बाजूला कलती केली आणि ब्रश टेकवला. हल्ली ते मान अशीच कलती करायचे. कुणी समोर आलं तरी कोंबडीसारखं एका डोळ्यानं बघायचे. कुबरा म्हणायची, नखरे बघा यांचे.

हात मात्र काय चालला! न थांबता, न पुसता, एका दमात वरच्या पापणीची रेघ. नवख्याचा हात आधी थरथरतो, मग रेघ ओढतो. राजाभाऊंचा हात पाण्यासारखा गेला. उतरले, ब्रश धुतला आणि म्हणाले, "बघ. कसा बघतोय."

कुबरानं बघितलं.

डोळे सुंदर होते. मोठे, पाणीदार, वरची पापणी अर्धी मिटलेली. आणि नजर खाली. डोंगराकडे नव्हे, बर्फाकडे नव्हे, पुढ्यात जो कोण उभा राहील त्याच्यावर, मायेनं. मान वर, आणि डोळे खाली उतरून कुबराकडे बघत होते, की ये बाई, काय हवंय ते सांग. हे डोळे तिनं ओळखले. शेजारच्या आळीत दर भाद्रपदात ती हे डोळे बघत मोठी झाली होती. निळ्या बुबुळांचा गणपती झाला होता डॉक्टरांचा.

"कसे?" राजाभाऊंनी विचारलं.

"छान," कुबरा म्हणाली.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं सगळं. ती कलती मान. ते मोबाइलवर ऐकणं. गेल्या महिन्यात सुजीत समोर उभा असताना त्यांनी "कोण?" म्हणून विचारलं होतं आणि मग थट्टा केली असं भासवलं होतं. यांना समोरचं दिसत नव्हतं. कडेचं दिसत होतं, मधलं गेलं होतं. आणि दिसत नव्हतं म्हणून तर हात अडखळला नव्हता. डोळ्यांनी साथ सोडल्यावर हात एकटाच निघाला आणि लहानपणी शिकलेल्या ठिकाणी जाऊन पोचला. हाताला एकच डोळे तोंडपाठ होते.

सुजीत आला. त्यानं मोबाइलवर दोन फोटो काढले, "ऑसम, राजाभाऊ! सोमवारी संग्रहालयाच्या अफनान मॅडम येतायत अप्रूव्हलला, अकरा वाजता," म्हणाला आणि पुतळ्याकडे धड न बघता निघून गेला. धन्य तो मॅनेजर.

परतताना गाडीत कुबरा खिडकीबाहेर बघत होती. तिचा नवरा खैरुद्दीन स्वभावानं थंड. सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, "काय झालं?"

तिनं सांगितलं.

"मग सांगून टाक त्यांना."

"काय सांगू? तुम्हाला दिसत नाही म्हणून? अहो, तो माणूस चार दिवसांत कायमचा निघालाय. हेच सोबत देऊ?"

"मग नको सांगूस. तूच दुरुस्त कर."

कुबरानं त्याच्याकडे बघितलं.

"बरं, तेही नको," खैरुद्दीन म्हणाला. सिग्नल सुटला.

शनिवार-रविवार तिनं घर घासून काढलं. सोमवारी अफनान मॅडम पुतळ्यासमोर उभ्या राहणार आणि सगळ्यांदेखत विचारणार, हा डोंगराकडे का बघत नाही? आणि राजाभाऊ त्यांनाही त्याच तोऱ्यात सांगणार, बघ कसा बघतोय. मग हसतील सगळे. आयुष्यभर डोळे काढले त्या माणसानं, आणि शेवटची आठवण ही? रविवारी संध्याकाळपर्यंत कुबराचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, तिला दुसरं काही सुचेना. एकदाच करायचं. अल्ला जाणतो कशासाठी केलं ते. राजाभाऊंना कळणारही नाही, कारण त्यांना दिसतच नाही.

हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचली. स्टूल ओढलं. राजाभाऊंच्या डब्यातला सगळ्यात बारीक ब्रश घेतला, निळा मिसळला आणि वर चढली. डॉक्टर फेल्डकाम्प मायेनं बघत होते. तिनं ब्रश नेला डोळ्यापाशी आणि तो तिथेच राहिला. कपाळावर शीर काढताना जो हात कधी अडला नव्हता, तो पुढे जाईना. मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तरी तेच.

"कोण आहे?" दारातून आवाज आला.

राजाभाऊ. हे इतक्या लवकर कशाला आले? शेवटचे दिवस म्हणून येत असतील बिचारे.

"मीच," ती म्हणाली. "टोपीची कड जरा..."

राजाभाऊ जवळ आले. मान कलती केली. एका बाजूनं तिला बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. स्टूल, तिचा हात, हाताची उंची. वासावरून रंग कुठला तोही कळला असेल, नाहीतर नसेल.

"टोपी वर आहे, कुबरा," ते म्हणाले. "तुझा हात डोळ्यावर आहे."

तिनं ब्रश खाली घेतला.

"तू हा ब्रश उचललास म्हणजे फारच चुकलेत."

"चुकले नाहीत," कुबराच्या तोंडून निघालं. "गणपतीचे झालेत."

राजाभाऊ हसले. खरंच हसले, मोठ्यानं, आणि मग हसता हसता खाली रंगाच्या डब्यावर बसले. "गणपतीचे," ते म्हणाले. "अरे देवा. डॉक्टरांचा बाप्पा केला मी." मग हसू थांबलं. "डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलंय मी. अल बर्शातल्या. पडद्याचं दुखणं आहे म्हणाला, मधलं जात जाणार. मी म्हटलं त्याला, तुला काय कळतं, मला सगळं दिसतं. भांडून आलो."

कुबराला रडू फुटलं. तिनं ते आवरलं नाही.

"उतर खाली," राजाभाऊ म्हणाले. "माझ्यापायी तुझा नेम मोडायचा नाही. नऊ वर्षं सांभाळला मी तो, तुझ्याइतकाच."

"मग काय करायचं?"

"तू सांग, मी करतो. तुझे डोळे, माझा हात. आण इकडे."

त्यांनी थिनर लावलेल्या फडक्यानं डोळे पुसून टाकले आणि पुन्हा चढले. कुबरा खालून सांगायला लागली. पापणी वर घ्या. अजून वर. बुबुळ वर, डोंगराच्या बाजूला, केसभर. थांबा, नको, फार झालं. राजाभाऊ ऐकत होते, हात ऐकत नव्हता. सांगितलेल्या जागी टेकायचा आणि टेकला की आपल्या वाटेनं निघून जायचा. शेवटची रेघ ओढून ते उतरले.

"झाले?"

कुबरानं बघितलं. तेच डोळे. पुन्हा. "छान" म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

राजाभाऊंनी मान डोलावली. ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला. तेवढ्यात सुजीत धापा टाकत आला, मॅडम गेटवर पोचल्या म्हणून.

"सुजीत," राजाभाऊ म्हणाले, "या पुतळ्याला काचेचे डोळे बसवायचेत. रंगवलेले नकोत. याला आणि यापुढच्या सगळ्यांना."

सुजीत बघतच राहिला. काचेच्या डोळ्यांचं कॅटलॉग त्यानं एकदा दाखवलं होतं, तेव्हा राजाभाऊंनी सगळ्या ऑफिससमोर त्याला झापलं होतं. मासळीबाजारातल्या सुरमईला असे डोळे असतात म्हणाले होते. "पण तुम्हीच तर..."

"मी होतो तोवर होतो. आता कुबराच्या डोक्याला हा ताप कशाला? तिला चेहऱ्यांचं काम करू दे. जगभर काचेचेच बसवतात, आपणच मागास राहिलो." एवढं खोटं राजाभाऊ त्या शेडमध्ये कधी बोलले नसतील, आणि बोलताना त्यांनी कुबराकडे बघितलंसुद्धा नाही.

अफनान मॅडम आल्या. गवत बघितलं, डोंगर बघितला, लाडक्या वाटाड्यापाशी हसल्या. डॉक्टरांसमोर आल्या आणि क्षणभर थबकल्या. हा माझ्याकडे का बघतोय, असं त्यांनी विचारलंच. सुजीतनं घाईघाईनं सांगितलं, हे नुसतं तात्पुरतं आहे मॅडम, काचेचे येतायत. मॅडम एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, मला पहिल्यापासून तेच हवे होते, पण तुमचे सीनियर नाही म्हणतात असं ऐकलं होतं, म्हणून आग्रह धरला नाही. राजाभाऊ बाजूला उभे होते. त्यांनी हात छातीशी नेऊन त्यांना मान दिला.

अप्रूव्हल झालं. मॅडम गेल्या. सुजीतनं तिथल्या तिथे ऑर्डर टाकली आणि सांगितलं की डोळ्यांच्या खोबणी आजच कोरून मापं पाठवायची आहेत. शेड रिकामी झाली.

कोरायचं मशीन कुबराच्या टेबलावर होतं. राजाभाऊंनी ते चाचपून शोधलं आणि तिच्यापुढे धरलं.

"मला नाही जमायचं ते," ते म्हणाले. "भलतीकडेच जाईल. डोळे काढून टाकायला तर तुझी हरकत नाही ना?"

"राजाभाऊ, असं नका हो बोलू."

"अगं, विचारतोय. करायला नको म्हणतेस. काढायचं काय, ते तुझं तूच सांगायला हवं."

कुबराला कधी कुणी हे विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. तिनं मशीन हातात घेतलं आणि ते तसंच धरून उभी राहिली. राग येत होता, या म्हाताऱ्याचा, सुजीतचा, त्या हसऱ्या बाईचा, स्वतःचाही.

"अगं, पेणमध्ये आम्ही कुठले डोळे जपून ठेवले?" राजाभाऊ म्हणाले. "जेवढे केले तेवढे पाण्यात गेले. रात्रभर जागून करायचे आणि दहा दिवसांनी खाडीत. कुणी रडत बसत नाही. हे गणपतीचे झालेत म्हणतेस ना? मग गणपतीसारखेच जाऊ देत."

ते डॉक्टरांच्या समोर येऊन उभे राहिले, अगदी जिथे ती नजर पडत होती तिथे. मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. काय दिसलं असेल ते त्यांनाच माहीत. हात जोडले. मग वळसा घालून मागे गेले आणि डॉक्टरांचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी घट्ट धरलं.

"यल्ला, चल," ते म्हणाले.

कुबरानं मास्क चढवला, मशीन सुरू केलं आणि आधी डावा डोळा काढला.